अवसेचा रहाट

रेवदंडा बघायला कुणी आलं, की आगबोटीतून उतरल्या उतरल्या त्याच्यापुढे गुणाजी कोळी उभा राहायचा. अंगात बंडी, डोक्याला लाल टोपी, हातात वेताची काठी. "जुनं गाव बगायचं हाय ना साहेब? माझ्या मागनं या," एवढंच म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता चालू लागायचा. फिरंग्यांचं गाव कधीच मोडलं, पण त्याचा कोट उभा आहे. कोटाच्या आत आता आमच्या नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत, वाड्यांच्या मधूनच त्यांच्या पडक्या देवळांच्या, म्हणजे चर्चच्या, भिंती, आणि सगळ्यांच्या वर तो सातखणी बुरूज. हे सगळं गुणाजी पायी हिंडवून दाखवायचा. त्याची वाट ठरलेली असे. कुणी म्हणालं, "इकडून जाऊ या का?" तर हा म्हणायचा, "तिकडं साप हाय." सगळ्या गावात फक्त गुणाजीच्या वाटेवर तेवढे साप नव्हते. आम्हाला वाटायचं, ही त्याची मिजास आहे.

मी त्या वाडीवाल्यांपैकी एक. आज म्हातारा झालोय, तेव्हा तिशीतला होतो. गावात मला भाऊ म्हणत, अजूनही म्हणतात. मी काय केलं ते ठाऊक नाही, म्हणून म्हणतात.

गुणाजी आधी तांडेल होता, मचवा हाकायचा. एकवीस साली त्यानं भर दुपारी, स्वच्छ उन्हात मचवा कोर्लईच्या खडकावर घातला. माणसं वाचली, मचवा फुटला. "डुलकी लागली," असं त्यानं सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. त्यानंतर त्याला कुणी मचव्यावर घेतला नाही. मग तो बंदरावर उभा राहून पाहुण्यांना गाव दाखवू लागला. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण कुणा पाद्र्यानं एकदा सगळे कोरीव दगड वाचून दाखवले होते, ते त्यानं तोंडपाठ केले होते. देवळाच्या भिंतीत एक थडग्याचा दगड आहे. त्याच्यापुढे उभा राहून तो अक्षरांवरून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "कप्तानाची बाय साहेब. एकुनीस वर्सांची व्हती. पोर झालं आन दोगं बी गेली. कप्तानानं ह्यो दगड सोता पाटीवर आनला." हे खरं की खोटं, देव जाणे. पण मुंबईच्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या.

एकदा अशाच पाहुण्यांसमोर मी मध्ये बोललो. कोट कुणी आणि केव्हा बांधला ते सांगायला गेलो आणि चुकलो. गुणाजी हसत म्हणाला, "भाऊ, तुमी वाडीवाले. तुमाला नारळ ठावं, आमाला कोट ठावं." पाहुणे हसले. चारचौघांत एका कोळ्यानं माझं नाक कापलं, हे मी विसरलो नाही. गोष्ट एवढीशीच होती, आणि मी माणूसही तेवढाच होतो.

त्याचं गुपित मला एकोणतीस साली कळलं. आमच्या वाडीत दोन विहिरी. मोठी विहीर चव्हाट्यावर, म्हणजे जिथे वाड्यांमधल्या चार वाटा एकत्र येतात तिथे. देवळाकडे जाणारी वाट तिथूनच डावीकडे फुटते. दुसरी विहीर मागची. ती पन्नास-साठ पावलं पुढे, गोठ्याच्या अंगाला. दोन्हींवर रहाट होते. सकाळपासून बैल गोल फिरायचा आणि लोटे भरून पाणी वर यायचं. रहाटाला कितीही तेल द्या, तो बोलतोच, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा. आमच्या मोठ्या विहिरीचा रहाट लांबलचक रडायचा. मागचा अडखळत, खोकल्यासारखा वाजायचा.

त्या दिवशी मोठ्या विहिरीच्या बैलाचा पाय मुरगळला होता म्हणून रहाट बंद होता. गुणाजी पुण्याची चार माणसं घेऊन आला आणि चव्हाट्यावर येऊन थांबला. मान जराशी वाकडी करून काहीतरी ऐकू लागला. मग घसा खाकरून त्यानं एक गोष्ट सुरू केली. ती संपली, तशी दुसरी काढली. पाहुणे कंटाळले. मी विहिरीच्या कठड्यावर बसून बघत होतो. मी उठलो, त्याच्यासमोर गेलो आणि त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणीसुद्धा लवली नाही. शेवटी गड्यानं दुसरा बैल आणून जुंपला. रहाट रडू लागला, आणि गुणाजी गोष्ट अर्धी टाकून "चला साहेब" म्हणाला आणि डावीकडे बरोब्बर वळला.

मग सगळं ध्यानात आलं. बंदरापासून कोटाच्या दरवाजापर्यंत त्याच्या काठीला तटाची भिंत लागायची. पुढे दोन्ही बाजूंना वाड्यांचे दगडी गडगे. देवळाच्या पुढे समुद्राचा आवाज असायचा. मध्ये चव्हाट्यावर तेवढं हाताला लागण्यासारखं काही नव्हतं. पाहुण्यांशी बोलत चालायचं, म्हणून पावलंही मोजता येत नसत. तिथे त्याला आमचा रहाट लागायचा. रहाट डाव्या कानाशी आला की वळायचं. आंधळा माणूस आठ वर्षं लोकांना गाव "दाखवत" होता.

हे मी पोटात ठेवायला हवं होतं. मी ते त्याच दिवशी दत्तात्रेयाला सांगितलं. दत्तात्रेय गावाचे कागद लिहायचा, अर्ज-विनंत्या करायचा, आणि अलिबागेहून आणलेल्या सायकलवरून उगाच घंटी वाजवत हिंडायचा. आम्हा रिकामटेकड्यांचा म्होरक्या तोच. त्याला नवा खेळ मिळाला. गुणाजी पाहुणे घेऊन येताना दिसला, की दत्तू घंटी वाजवत पुढे यायचा आणि मी बैल थांबवायचो. गुणाजी चव्हाट्यावर खिळून राहायचा आणि गोष्टी सांगत सुटायचा. तो किती गोष्टी सांगतो ते आम्ही कठड्यावर बसून मोजायचो. एकदा सात झाल्या. सातव्या गोष्टीत त्याचा आवाज कापत होता आणि आम्ही तोंडात उपरणी कोंबून हसत होतो. कुणी वाटेत नारळाचा झाप टाकून ठेवायचं. तो अडखळून पडायचा आणि उठून स्वतःच हसायचा. "म्हातारा झालो साहेब, पाय उचलत न्हाय," म्हणायचा.

शेवटी त्याची बायको केसर आमच्याकडे आली. ती टोपली डोक्यावर घेऊन घरोघर मासे विकायची, पार चौलपर्यंत जायची. पाय सुजलेले असायचे. तिनं टोपली ओट्यावर ठेवली आणि आईच्या देखत मला म्हणाली, "भाऊ, रहाट नका थांबवू. त्यांना बाकी काय बी म्हना." आईला काही कळलं नाही. मी म्हणालो, "बैल दमतो, केसर. मी काय करू?" ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे चांगले होते. त्यानंतर मी रहाट थांबवायचं बंद केलं. लाज वाटली म्हणून म्हणा, किंवा खेळाचा कंटाळा आला म्हणून म्हणा.

बत्तीस साली गावात बातमी आली, की जुन्या इमारतींवर देखरेख करणारे साहेब कोट बघायला येणार आहेत आणि एक कायमचा पहारेकरी नेमणार आहेत. पहारेकऱ्याला पितळी बिल्ला मिळणार. येणाऱ्याजाणाऱ्याला गाव दाखवायचा हक्क त्याचाच. साहेब म्हणे ज्याच्याबरोबर गाव फिरतील, त्याचं ज्ञान पारखून तिथल्या तिथे ठरवतील. गुणाजीनं त्या बिल्ल्याचा ध्यास घेतला. बिल्ला छातीवर असला की आपल्याला कुणी बाजूला ढकलणार नाही, आणि केसरच्या डोक्यावरची टोपली उतरेल, असं तो ज्याला त्याला सांगायचा. त्याच्याएवढा कोट कुणाला ठाऊक होता? कुणालाच नाही. पण बिल्ला दत्तात्रेयालाही हवा होता.

साहेबांनी सोयीचा दिवस विचारला होता. त्याचं उत्तर दत्तूनंच लिहिलं. त्यानं कॅलेंडर बघून पौषातली अमावास्या कळवली. अवसेला आमच्याकडे कुणी बैल जुंपत नाही. नांगराला नाही, गाडीला नाही आणि रहाटालाही नाही. त्या दिवशी सगळ्या वाड्या मुक्या असतात. गुणाजी म्हणूनच अवसेला कधी पाहुणे घ्यायचा नाही, "आज उधान हाय, घरी काम हाय" म्हणून टाळायचा.

आदल्या दिवशी दुपारी तो एकटा काठी टेकत माझ्याकडे आला. ओट्याच्या पायरीवर बसला आणि टोपी हातात फिरवू लागला.

"भाऊ, तुमाला ठावं हाय. तुमी माझ्या डोल्यांफुडं हात हलवला व्हता."

मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं.

"वारा लागला तोंडाला. तवाच कललं. पन तुमी मागनं रहाट थांबवायचं बंद केलंत. केसर बोलली मला. म्हनून तुमच्याकडं आलो. उद्या अवस हाय. मोठ्या विहिरीचा रहाट तेवडा फिरवा. फक्त मी चव्हाट्यावरनं जाईस्तवर."

मी म्हणालो, "आई बैल जुंपू देणार नाही, गुणाजी. अवसेला जुंपलेला बैल दगावतो म्हणते."

"व्हय, ते खरं हाय." तो उठायला लागला. चेहरा असा झाला होता की बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "बैल नाही, पण मी हातानं फिरवीन. बैलाच्या जागी मी लागेन."

त्यानं माझा हात चाचपून धरला आणि कपाळाला लावला. "शबुद हाय?"

"शब्द आहे."

देवाशपथ सांगतो, तेव्हा मी खरं बोलत होतो.

सकाळी दत्तू आला. सोबत दोन-तीन टगे होते. मी विहिरीकडे निघालो होतो, ते त्यानं हेरलं. "काय भाऊ, आज बैल व्हायचंय वाटतं?" टगे हसले. "कोळ्यानं सांगितलं आणि वाडीवाला रहाटाला लागला. गावभर होईल हं. तुम्हाला नारळ ठावं ना?" तेच बोलणं, तेच शब्द. मला आतून चीड आली, आणि ती दत्तूवर न येता गुणाजीवर आली. मग दत्तूच हळूच म्हणाला, "शब्द मोडू नका. रहाट फिरवा की. मागचा फिरवा." आणि डोळा मारला.

मी हसलो. मला हसायला कुणी लावलं नव्हतं.

साहेब दहाच्या सुमारास आले. डोक्यावर टोप, मराठी शुद्ध, माणूस शांत. गुणाजीनं धुतलेली बंडी घातली होती. भरती चढत होती, तटावर लाटा आपटत होत्या. मी मागच्या विहिरीवर दांड्याला छाती लावून उभा होतो. माणसं गडग्यापाठी लपून बसली होती, चव्हाट्यावर मात्र चिटपाखरू नव्हतं. गुणाजीचा आवाज जवळ येऊ लागला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता, अगदी खणखणीत. साहेब काहीतरी विचारत होते आणि तो अचूक उत्तरं देत होता. "शाबास, हे मला कुणी सांगितलं नव्हतं," साहेबांचे हे शब्द मी या कानांनी ऐकले. बिल्ला त्याच्या छातीपासून साठ पावलांवर होता.

मी दांडा ढकलला. रहाट खोकत खोकत फिरू लागला.

चव्हाट्यावर गुणाजीचं पाऊल क्षणभर अडलं. मान वाकडी झाली. मग तो सरळ पुढे चालत राहिला. देवळाची वाट त्याच्या डाव्या हाताला होती, ती मागे पडली. माझा रहाट त्याच्या डाव्या कानाशी आला तसा तो वळला, आमच्या गोठ्याच्या वाटेला लागला. साहेब त्याच्यामागून आले. त्यांना काय माहीत? शेणखताच्या खड्ड्याच्या कडेनं गुणाजी गेला, एक पाय घोट्यापर्यंत आत रुतला, तरी बोलणं थांबलं नाही. बहुतेक वाटलं असेल, वाटेत कुणाचं तरी ढोर हागलंय. गोठ्याच्या भिंतीला काठी लागली तसा तो थांबला. काठी बगलेत धरली, टोपी काढली.

"ह्यो बगा साहेब. कप्तानाची बाय. एकुनीस वर्सांची व्हती."

आणि त्यानं अक्षरांसाठी बोट पुढे केलं. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर त्या सकाळीच थापलेल्या गोवऱ्या होत्या, ओल्या. बोटं आत गेली. त्यानं हात जरा बाजूला नेला, तिथेही तेच. मग दोन्ही हातांनी भिंत चाचपू लागला, वर, खाली, भराभर. तोंडानं मात्र चालूच होतं, "पोर झालं आन दोगं बी गेली... पोर झालं आन..."

गडग्यापाठी हसण्याचा जो लोट उठला, तो अजून माझ्या कानात आहे. माणसं लोळत होती. साहेब हसले नाहीत. त्यांनी गुणाजीच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं, बाबा." तेवढ्यात सायकल भिंतीला टेकवून दत्तात्रेय पुढे आला. "मी दाखवतो साहेब," म्हणाला. ते दोघे देवळाकडे गेले. माणसं त्यांच्यामागे गेली. बिल्ला दुसऱ्याच महिन्यात आला, आणि दत्तूनं तो सायकल पुसायच्या फडक्यानंच पुसून छातीला लावला.

गोठ्यापाशी गुणाजी आणि मी, दोघंच उरलो. माझी पावलं त्यानं ओळखली.

"भाऊ, माजंच चुकलं," तो म्हणाला. "तुमी अवसेला माज्यासाठी रहाटाला लागलात आन मी माती केली."

मी दांड्यानं दुखणारी छाती चोळली.

"आवाज येगला लागला मला. मागच्या विहिरीसारका. मनात म्हटलं, भाऊ हातानं फिरवतात, बैलाचा जोर न्हाय, म्हनून येगला लागत आसंल. तुमचा शबुद व्हता ना. तरी कुटं चुकलो ते कलत न्हाय." त्यानं शेणाचे हात बंडीला पुसले. "मला तेवडं चव्हाट्यापतुर न्हेऊन सोडा."

मी त्याला हाताला धरून चव्हाट्यावर सोडलं. खरं सांगायला एवढी वाट पुरेशी होती. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी केसर दारात आली. टोपलीतली सगळ्यांत मोठी सुरमई तिनं आईच्या ताटात ठेवली. "त्यांनी धाडलीय. भाऊंनी काल लय केलं म्हनून." आई खूश झाली. तिनं ती आंबट-तिखट केली आणि मी जेवलो. पुढच्या महिन्यात अवस झाली, दुसऱ्या दिवशी केसर पुन्हा हजर. या वेळी पापलेटची जोडी. "त्यांनी धाडलीय." त्याच्या पुढच्या अवसेलाही तेच. मी नको म्हणालो तर तिनं ऐकलं नाही. पाच वर्षं एक अवस चुकली नाही. समुद्र बंद असला की सुका बोंबील यायचा. तिच्या पायांची सूज गुडघ्यांपर्यंत चढली, पण टोपली उतरली नाही. गुणाजी घराबाहेर पडायचा नाही. ओटीवर पालथ्या टोपलीवर बसून वाळत घातलेल्या मासळीवरचे कावळे आवाजानं हाकायचा. दत्तू सायकलवर पाहुण्यांना घेऊन समोरून जायचा आणि त्याच्याच गोष्टी उलट्यासुलट्या सांगायचा. चूक ऐकली की गुणाजी ओटीवरून ती सुधारायचा. पाहुणे हसायचे. कुणी वेडा आहे म्हणायचे.

सदतीस साली तो गेला. नंतरच्या अवसेच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून ओट्यावर बसून होतो. आई तोवर गेली होती. केसर आली. टोपली खाली न उतरवता उभी राहिली. आता कुणी मासे पाठवणार नव्हतं, आणि मला वाटलं, आता तरी सांगून मोकळं व्हावं.

"केसर, त्या दिवशी मी..."

"मागच्या विहिरीचा फिरवलात," ती म्हणाली. "मी तटावर मासली वालत घालत व्हते. ह्यो रहाट रडतो कुठला आन खोकतो कुठला, ते मला कलत न्हाय व्हय?"

मी ओट्यावरून उठलो. "मग पाच वर्षं मासे का आणलेस?"

"त्यांनी धाडलं म्हनून आनलं." तिनं टोपलीखालची चुंबळ सारखी केली. "डोले गेले, मचवा गेला, बिल्ला गेला. येवड्या गावात त्यांना येक तुमीच चांगले गावलेलात. त्यो येक बी मी काढून घेऊ?"

तिनं माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. "सुरमई हाय, बांगडं हाय," असं ओरडत ती शेजारच्या घराकडे वळली.